शिळ्या पावाची पोषणमूल्ये

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे ते निवृत्त माणसांनी. कोणी बँकेत हयात घालवलेली असते, कोणी धरणं बांधलेली असतात. माझ्या हातात अजून पदवीही नाही. तोक्योतल्या एका आहारशास्त्राच्या महाविद्यालयात मी शेवटच्या वर्षाला आहे. ज्याला मी कामाचा अनुभव म्हणतो आहे, तो म्हणजे हिगाशी-कसाई या तोक्योच्याच एका भागातल्या घरगुती स्वयंपाकघरात कांदा चिरणे आणि फोडणीच्या पावात काय काय असतं ते खाणाऱ्यांना सांगणे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे आपण लिहिलेलं कोणी वाचेल, ही कल्पना अजून अंगवळणी पडलेली नाही. पण अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या की आयटीवाल्यांवर आयटीवालेच लिहितात, त्यांना खायला घालणाऱ्यांपैकी कोणीतरी एकदा लिहावं. म्हणून धीर केला. नावं बदलली आहेत. वहिनींनी लेख वाचून होकार दिला आहे. शेखरदादांना वाचायला वेळ मिळाला नाही.

आहारशास्त्रच का, असं मला इथे सगळे विचारतात. माझी आई धुळ्याकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्या खिचडीत किती उष्मांक आणि किती प्रथिनं, हे शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेलं आहे. डाळ कमी आली तरी भिंतीवरचा आकडा तोच राहतो. या विषयाची गोडी मला त्या भिंतीमुळे लागली.

मी इथे आलो त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून संगणकवाल्यांची विमानं भरभरून येत होती. शेखरदादा त्यांच्यातले जरा आधी आलेले, म्हणून प्रोजेक्ट लीड. शैलावहिनी त्यांच्या पत्नी, मिहिर त्यांचा बालवाडीतला मुलगा. पुण्यात एका बँकेत त्यांनी कितीतरी वर्षं काउंटर सांभाळला होता. नवऱ्याची बदली झाली तेव्हा राजीनामा दिला आणि पासपोर्टवर ‘आश्रित’ असा शिक्का मारून घेऊन इथे आल्या. शेखरदादांच्या टीममधली सात-आठ अविवाहित मुलं जवळच्याच फुनाबोरी भागात कंपनीच्या वसतिगृहात राहायची. ती सकाळी सायकली दामटत वहिनींकडे नाश्त्याला यायची आणि तिथून ऑफिसला जायची. महिन्याकाठी सगळे मिळून थोडेफार पैसे द्यायचे. शेखरदादा त्याला ‘आपल्याकडे पोरं हक्काने येतात’ असं म्हणायचे. इथे विद्यार्थ्याच्या अर्धवेळ नोकरीला बाइतो म्हणतात. माझा बाइतो म्हणजे मुलं यायच्या आत वहिनींच्या हाताखाली उभं राहणं.

पदार्थ बहुतेक दिवस एकच, फोडणीचा पाव. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. उरलेल्या पावाचे तुकडे करायचे. तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता मिळाला तर कढीपत्ता, मग शेंगदाणे आणि कांदा. कांदा मऊ झाला की पाव टाकून पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवून एक वाफ आणायची, वरून लिंबू आणि कोथिंबीर. ऑफिसची गाडी गाठायची असलेल्या घरात याच्याइतकं झटपट दुसरं काही होत नाही.

अडचण पावाची होती. जपानी पाव कापसासारखा असतो. ताजा पाव फोडणीत टाकला की त्याचा लगदा होतो आणि ताटात खळ वाढल्यासारखं दिसतं. पाव शिळा झाला की त्यातलं पिष्ट आवळतं, तुकडा तुकड्यासारखा राहतो आणि फोडणी अंगाला लागते. म्हणजे हा पदार्थ उरलेल्या पावाचा असतो, तो नुसत्या काटकसरीपोटी नव्हे. पण सात-आठ तरुण पोरांना पुरेल एवढा पाव कोणाच्या घरी उरतो? म्हणून वहिनी ताजा पाव आणायच्या आणि रात्रभर ताटात उघडा पसरून मुद्दाम शिळा करायच्या. शेजारच्या जपानी आजी एकदा सकाळी काही द्यायला आल्या, तेव्हा ते ताट बघून त्यांनी काळजीने विचारलं होतं की घरात फ्रिज बिघडलाय का.

पोषणाचं विचाराल तर प्रामाणिकपणे सांगतो, फोडणीचा पाव पोट भरतो, पण गुणांच्या बाबतीत मध्यमच आहे. पाव मैद्याचा, म्हणजे बरंचसं पिष्ट, ते लवकर पचतं आणि दहा-साडेदहाला पुन्हा भूक लागते. जपानी पावात साखर आणि लोणी आधीच असतं. त्यावर वहिनी चिमूटभर साखर टाकायच्या. पुण्याच्या माणसाला याबाबतीत काही सांगून उपयोग नसतो, म्हणून मी एकदाच सांगितलं. पावात मीठही असतं आणि ते सगळे विसरतात, त्यामुळे फोडणीत मीठ हात राखून घालावं. प्रथिनं म्हणाल तर काय ते शेंगदाण्यांत. सोबत वाटीभर दही घेतलं, फोडणीत मटार, गाजर, कोबी घातला, तर हाच नाश्ता बऱ्यापैकी होतो. नुसती वरून कोथिंबीर भुरभुरून हिरवं दिसण्याला पोषण म्हणत नाहीत.

हे मी सांगायचो, आणि मुलं मन लावून ऐकायची. नंतर आपल्याला हवं तेच करायची. निखिल नावाचा एकजण जिमला जायचा. ताटात किती प्रोटीन आहे ते तो रोज विचारायचा. कमी आहे म्हटलं की म्हणायचा, मग दोन प्लेट घेतो, म्हणजे बरोबर होईल. दुसरे जोशी. ते सुपरमार्केटमधून मला फोन लावायचे, पाकिटावरच्या चित्रलिपीचं वर्णन करायचे (‘वर छप्पर आहे, खाली दोन पाय आहेत’) आणि त्यात प्राण्याची चरबी आहे का ते ओळखायला सांगायचे. माझं अर्धं जपानी वाचन जोशींच्या वर्णनांवर पक्कं झालं. ऑफिसच्या पार्टीत मात्र ते समोर येईल ते खायचे. त्याचं कारण त्यांनी मला गंभीरपणे समजावलं होतं, तिथे क्लायंटचा मान असतो.

मग कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी आली. इथे तपासणीचा निकाल अक्षरांत मिळतो, ए म्हणजे उत्तम आणि तिथून खाली. आयुष्यात कधी पहिला वर्ग न चुकलेल्या या मुलांना सी आणि डी मिळाले. वहिनींच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी बारावीच्या निकालाच्या दिवशी असते तशी शांतता होती. निखिलने रीचेकिंगचा काही फॉर्म असतो का, अशी चौकशी केली. जोशींचं म्हणणं पडलं की चाचणी इंग्रजीत घेतली असती तर फरक पडला असता. शेखरदादांचं पोट मोजून नर्सने त्यांच्यापुढे ‘मेताबो’ असं लिहिलं होतं, म्हणजे पोटावर चरबी. ते आम्हाला म्हणाले, “टेप जपानी आहे. त्यांच्या अंगाच्या मापाने बनवलेला.” कोणी हसलं नाही, कारण अप्रेझल जवळ आलं होतं.

या निकालामुळेच पुढचं सगळं घडलं. कंपनीने चौकशी केली तेव्हा समजलं की भारतीय मुलं एकतर उपाशीपोटी येतात नाहीतर दुकानातला क्रीमचा पाव खात खात येतात. त्यातल्या त्यात शेखर-सानच्या घरी जाणारी मुलं काहीतरी शिजवलेलं खातात. वसतिगृहातला स्वयंपाकी निवृत्त झाल्यापासून तिथलं स्वयंपाकघर बंदच होतं. तेव्हा सकाळचा नाश्ता तिथे रीतसर सुरू करावा आणि तो पगारावर शेखर-सानच्या ओकुसाननी, म्हणजे पत्नींनी, सांभाळावा, असा विचार निघाला. तो विचार काढणाऱ्या मोरिता-सान, कंपनीच्या आहारतज्ज्ञ, पन्नाशीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या बाई.

वहिनींनी तो निरोप ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी इमिग्रेशन कार्यालयात जाऊन आश्रितांना काम करण्याचा परवाना मिळवायच्या रांगेत उभ्या राहिल्या. मला सोबत नेलं होतं, पण बोलल्या स्वतःच. परतताना ट्रेनमध्ये त्या म्हणाल्या, “संदीप, इथे आल्यापासून मी कोणाची तरीच आहे बघ. दवाखान्यात शेखर-सानची ओकुसान, बालवाडीत मिहिर-कुनची मम्मा. पगाराच्या पाकिटावर तरी त्यांना शैला लिहावं लागेल.”

शेखरदादांचा विरोध नव्हता. त्यांना फक्त गंमत वाटत होती. जेवताना म्हणाले, “उद्या माझीच पोरं तुला ‘वहिनी, अजून थोडं वाढा’ म्हणणार, आणि दुपारी मी त्यांना डेडलाइनवरून झापणार. कसं वाटेल ते?”

“आत्ताही वाढतेच की,” वहिनी म्हणाल्या.

“आत्ता घरी वाढतेस. तिथे टोपी घालून वाढशील.”

मला तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं. तेच ताट, तोच पाव. घरी वाढला की आदरातिथ्य, आणि पगार घेऊन वाढला की आचारीण, हा फरक पोषणमूल्यांच्या कोणत्याही तक्त्यात मी शिकलेलो नव्हतो.

बैठक वसतिगृहाच्या त्या बंद स्वयंपाकघरातच झाली. मोरिता-सान, कंपनीच्या व्यवस्था विभागाचे एक अधिकारी, वहिनी आणि दुभाषा म्हणून मी. वहिनींनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती. पहिलाच प्रश्न पदार्थाबद्दल होता. वहिनी मला म्हणाल्या, “त्यांना सांग, ताज्या पावाचा हा होतच नाही. उरलेला शिळा पाव लागतो.” त्या हे अभिमानाने सांगत होत्या, आणि मीही तितक्याच अभिमानाने भाषांतर केलं.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. तारीख उलटलेलं अन्न विकलं म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचे मालक टीव्हीवर कंबरेत वाकून माफी मागत होते, असे ते दिवस होते. आणि इथे एक बाई साडी नेसून येऊन सांगते आहे की मी शिळंच खायला घालते, आणि तेच बरोबर आहे.

मोरिता-साननी हळूच विचारलं, “उरलेला म्हणजे, कोणाच्या ताटातला?”

मी ते मराठीत सांगितलं. वहिनींचा चेहरा आधी लाल झाला, मग त्या खुदकन हसल्या. मला खुलासे करत बसू न देता त्या उठल्या आणि कंपनीनेच आणून ठेवलेलं पावाचं नवं पाकीट फोडलं. त्यावरची तारीख अधिकाऱ्याला दाखवली. तुकडे करून ते ओव्हनमध्ये मंद आचेवर पसरले आणि थोडे कोरडे झाल्यावर बाहेर काढून एक तुकडा मोरिता-सानच्या हातावर ठेवला. “सांग त्यांना,” मला म्हणाल्या, “झाला शिळा.”

नंतर फोडणी पडली. एक्झॉस्ट पंखा बरेच दिवस बंद असल्यामुळे अधिकारी मिरचीच्या ठसक्याने खोकत बाहेर गेले, ते बरंच झालं. मोरिता-साननी ताटलीभर खाल्लं. मिठाबद्दल तीन-चार प्रश्न विचारले. पावातलं मीठ आम्ही हिशोबात धरलं आहे हे ऐकून त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग कामाचं बोलणं बाजूला ठेवून त्या म्हणाल्या की लहानपणी बेकरीत सँडविचच्या पावाच्या कापलेल्या कडा पिशवी भरून मिळायच्या. त्यांची आई त्या तेलात तळून साखरेत घोळवायची. जपानीत त्या कडांना पावाचे कान म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे आईलोकांचं सगळीकडे सारखंच.” हे भाषांतर मी गरजेपेक्षा जरा सावकाश केलं. कारण माझ्या आईच्या खिचडीबद्दल असं टेबलाशी बसून कोणी कधी काही विचारलेलं नव्हतं.

निघताना अधिकारी म्हणाले की आम्ही विचार करू. उत्तर रीतीप्रमाणे कंपनीतल्या माणसाकडे, म्हणजे शेखर-सानकडे देऊ. वहिनींनी वाकून नमस्कार केला. मीही केला.

त्यानंतर आम्ही वाट बघायला लागलो. वहिनींनी गुडघ्यापर्यंत येणारा पांढरा एप्रन आणून ठेवला. भाज्यांची आणि भांड्यांची जपानी नावं स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर चिकटवली. मी सकाळी दारात पाय ठेवला की त्या विचारायच्या, “काही कळलं का रे?” मी म्हणायचो, इथे वेळ लागतो. मुलंही आपापल्या परीने समजावायची. जोशींनी जपानी निर्णयपद्धतीवर आम्हाला एक छोटं व्याख्यान दिलं. शेखरदादा टाय बांधता बांधता म्हणायचे, “अगं, जपान्यांचं असंच असतं. खालून वरपर्यंत प्रत्येकाचा शिक्का लागतो. एकाचा राहिला की फाइल परत खाली. तू त्यांच्या मागे लागू नकोस, वाईट दिसतं.”

त्यांचं बोलणं पटण्यासारखं होतं. आमच्यात ते जपानमध्ये सगळ्यात जुने होते.

झाडांची पानं पिवळी झाली तेव्हा आमच्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी निरनिराळ्या ठिकाणी पाठवलं. मला मोरिता-सानच्या हाताखाली फुनाबोरीचं ते वसतिगृह मिळालं. पहिल्या सकाळी गेलो तर स्वयंपाकघराच्या दारात एका डबेवाल्या कंपनीची गाडी उभी होती. प्लास्टिकच्या खोक्यांतून तिकोनी सँडविचं उतरत होती, पांढरीशुभ्र, कडा काढलेली. मला वाटलं, ही तात्पुरती सोय असेल.

मोरिता-साननी मला माझं काम समजावून दिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “ओकुसानची तब्येत आता कशी आहे?”

मी म्हणालो, छान आहे.

“बरं वाटलं ऐकून. आम्हाला सर्वांनाच वाईट वाटलं होतं. होकार कळवला त्याच आठवड्यात शेखर-सान स्वतः मिठाईचा डबा घेऊन दिलगिरी व्यक्त करायला आले. इतका वेळ उभं राहणं त्यांना डॉक्टरांनी मना केलंय म्हणाले. फार जपतात हो ते त्यांना.” त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. समुद्रातल्या काळ्या वनस्पतीचं, हिजिकीचं. “लोहासाठी चांगली असते. तुम्ही शिकलाच असाल. त्यांना द्या.”

होकार आम्ही वाट बघायला सुरुवात केली त्याच महिन्यात आलेला होता. मी विचारलं, ती जागा अजून... त्यांनी मान हलवली. डबेवाल्यांशी वर्षाचा करार झाला होता. तो दिवसभर मी सँडविचचे उष्मांक लिहिले आणि दोनदा चुकलो.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. मुलं यायची होती. शेखरदादा आत तयार होत होते. वहिनी पाव मोडत होत्या. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारायच्या आत मी पाकीट ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक जपानीतून विचार करून मराठीत सांगत होतो, कारण वाक्यं फार विनयाची होत होती.

वहिनी ऐकत होत्या, हातातला पाव मोडत होत्या. मोडून झाल्यावरही तुकड्यांचे आणखी तुकडे करत राहिल्या. कढईखालचा गॅस त्यांनी बारीक केला.

“आजार कोणता सांगितला रे?”

“रक्त कमी आहे म्हणून. अशक्तपणा.”

त्यांनी ते पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. टाइलवर चिकटवलेला एक कागद अर्धवट सुटला होता, तो अंगठ्याने नीट दाबून बसवला. मग विचारलं, “तुमच्या शास्त्रात अशक्तपणाला काय सांगतात?”

मी म्हणालो, लोह असलेला आहार, आणि विश्रांती.

“विश्रांती म्हणजे किती?”

“बरं वाटेपर्यंत.”

वहिनींनी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले, आणि टेबलाशी शेखरदादांची खुर्ची ओढून तीत बसल्या. मी उभा होतो तसाच उभा राहिलो. खाली सायकली लावल्याचे आवाज आले. निखिल कोणाला तरी प्रोटीनबद्दल काही सांगत जिना चढत होता.

शेखरदादा टाय सारखा करत बाहेर आले. थंड कढई बघितली, मला बघितलं, मग खुर्चीत बसलेल्या वहिनींना.

“काय गं, आज नाश्ता नाही? काय झालं?”

“अशक्तपणा,” वहिनी म्हणाल्या.